पेटंटची फरदड

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ ची मुदत संपली. बोलगार्ड-२ या बीटी कपाशीतल्या जनुकाशी निगडित असे हे मॉन्सँटो कंपनीचे पेटंट. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याकडे अवकाळी पावसाने भिजलेला कापूस वेचणे चालू होते आणि भाव किती फुटतो याकडे सगळ्यांचे कान लागले होते. ज्या बियाण्यावर खानदेशातली बहुतेक कपाशी उभी आहे, त्यातल्या तंत्रावरचा एका कंपनीचा हक्क संपला, ही गोष्ट ना बाजार समितीत रंगली, ना कृषी केंद्राच्या बाकावर. पेटंट मिळाले की बातमी होते, सत्कार होतो. पेटंट संपले की काहीच होत नाही. खरे तर ज्याच्याकडे पेटंट नाही अशा प्रत्येकाच्या हिताची तारीख हीच. ही पुस्तिका त्या तारखेविषयी आहे. ती कोण ठरवते, पुढे ढकलता येते का, ढकलायचे प्रयत्न कुणी केले आणि ते कुठे अडले, एवढाच तिचा विषय.

सुरुवात बियाण्याच्या पाकिटापासूनच करू. दुकानात उभा शेतकरी वाण विचारतो, कंपनी विचारतो, गेल्या साली कुणाच्या शेतात काय पिकले ते विचारतो. पाकिटावरच्या किमतीत काय काय दडले आहे हे मात्र विचारायची सवय आपल्याला नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या आदेशाने कापूस बियाण्याची किंमत ठरवायला घेतली, तेव्हा तिचे दोन भाग उघड झाले: एक बियाण्याचा, दुसरा तंत्रज्ञानाच्या मोबदल्याचा, म्हणजे ‘ट्रेट व्हॅल्यू’चा. २०१६ मध्ये बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये होती आणि त्यात मोबदल्याचे ४९ रुपये होते. २०१८ मध्ये ७४० आणि ३९. २०१९ मध्ये ७३० आणि २०. पेटंट संपल्यानंतरच्या पहिल्या हंगामात, २०२० मध्ये, मोबदला शून्यावर आला. पाकीट मात्र ७३० रुपयांचेच राहिले. वीस रुपये सुटले ते बियाणे कंपन्यांच्या हिशेबात, शेतकऱ्याच्या खिशात नव्हे.

या एकाच पेटंटच्या कहाणीत मुदतीचे जवळपास सगळे प्रश्न सापडतात. अर्जाची तारीख नोव्हेंबर १९९९ ची. बोलगार्ड-२ ला लागवडीची परवानगी मिळाली २००६ मध्ये आणि पेटंट मंजूर झाले २००८ मध्ये. म्हणजे वीसपैकी आठ-नऊ वर्षे मंजुरीची वाट पाहण्यातच गेली. पुढे रॉयल्टीवरून नुझिवीडू सीड्स या बियाणे कंपनीशी वाद पेटला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हे पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून पुराव्यानिशी सुनावणी घ्यायला खटला पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवला. दहा महिन्यांत पेटंटच संपले आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. पेटंट वैध होते की नव्हते, याचा अखेरचा निकाल लागलाच नाही.

तोवर शेतात वेगळाच निकाल लागला होता. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली आणि बोलगार्ड-२ तिच्यापुढे निष्प्रभ ठरल्याचे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले. अळीला लवकर घर मिळू नये म्हणून मे महिन्यात ठिबकवर लागणाऱ्या बागायती कपाशीला आळा घालण्यासाठी सरकारला बियाणे विक्रीच्या तारखा बांधून द्याव्या लागल्या. पेटंट कागदावर जिवंत असताना त्यातले तंत्र अळीपुढे हरले होते, आणि मोबदला तरीही चालूच होता. तंत्रज्ञानाचे आयुष्य आणि हक्काचे आयुष्य एकच असते असे समजू नये, हा खानदेशाच्या मातीतला पहिला धडा.

आता कायदा. पेटंट म्हणजे सरकारने शोधकाशी केलेला सौदा. शोधकाने आपला शोध दुसऱ्या जाणकाराला करून पाहता येईल इतका उलगडून कागदावर मांडायचा. बदल्यात ठरावीक काळ तो शोध दुसऱ्या कुणी त्याच्या परवानगीवाचून बनवायचा, विकायचा वा वापरायचा नाही. काळ संपला की शोध सगळ्यांचा. या सौद्यात मुदत हीच किंमत आहे. मुदत वाढवणे म्हणजे सौदा झाल्यावर, माल पदरात पडल्यावर भाव बदलणे. भारतीय पेटंट कायद्याच्या ५३ व्या कलमाने ही मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षे ठरवली आहे. ती वाढवण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही. कार्यालयाने मंजुरीला दहा वर्षे लावली तरी नाही, सरकारी परवानगी उशिरा मिळाली तरी नाही, धंद्यात खोट आली तरी नाही. शिवाय मुदत संपल्यावर किंवा शुल्क न भरल्याने हक्क गेल्यावर त्या शोधाला दुसरे कुठलेही संरक्षण मिळणार नाही, असेही हेच कलम बजावते.

ही कडक शिस्त पहिल्यापासून नव्हती. सतराव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याने मक्तेदारीला चौदा वर्षांची मर्यादा घातली, पण वजन असणाऱ्याला पळवाट सापडे. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटला १७६९ मध्ये पेटंट मिळाले. १७७५ मध्ये त्याने थेट संसदेकडून खास कायदा करवून घेतला आणि ते १८०० पर्यंत लांबवले. भारतात १८५६ मध्ये पहिला कायदा आला तो चौदा वर्षांच्या हक्काचा. १९११ च्या कायद्यात पुढे मुदत सोळा वर्षांची झाली, आणि पुरेसा मोबदला मिळाला नाही असे पेटंटधारकाने दाखवले तर ती आणखी पाच, अपवाद म्हणून दहा वर्षांपर्यंत वाढवून घेता येत असे. आपला नफा अपुरा होता, हे सांगणारा पेटंटधारकच. त्याला जाब विचारणारा ग्राहक त्या कामकाजात जवळजवळ नसेच.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या व्यवस्थेची झाडाझडती घेतली. भारतातली बहुतेक पेटंटे परदेशी कंपन्यांची आहेत, आणि ती इथे माल बनवण्यापेक्षा बाजार अडवून धरायला वापरली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यातून १९७० चा कायदा घडला आणि १९७२ पासून लागू झाला. औषध आणि अन्नपदार्थ यांवर उत्पादनाचे पेटंटच बंद झाले. प्रक्रियेचे पेटंट पाच ते सात वर्षांचे आणि बाकी शोधांना चौदा वर्षे. मुदतवाढीचा दरवाजा बंद झाला. आज जगभर स्वस्त औषधे पाठवणारा भारतीय औषधउद्योग उभा राहिला तो या कायद्याच्या छायेत.

जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व घेतल्यावर चित्र पालटले. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारानुसार वीस वर्षे ही किमान मुदत मान्य करावी लागली. २००२ ची दुरुस्ती २० मे २००३ पासून लागू झाली आणि त्या दिवशी जिवंत असलेल्या सर्व पेटंटांची मुदत एकदम वीस वर्षांची झाली. १९७० च्या कायद्यानंतर चालू पेटंटांना सरसकट मुदतवाढ मिळाली ती या प्रसंगी, आणि तीही संसदेने सर्वांसाठी एकाच मापाने दिलेली. २००५ पासून औषधांवरची उत्पादन-पेटंटेही परत आली.

परदेशात मात्र मुदतवाढ ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेने १९८४ मध्ये औषधांसाठी पाच वर्षांपर्यंत वाढ देणारा कायदा केला. अट अशी की औषधाला मान्यता मिळाल्यापासून एकूण हक्क चौदा वर्षांपलीकडे जाऊ नये. पेटंट कार्यालयाच्या दिरंगाईची भरपाई तिथे वेगळी मिळते. युरोपात पूरक प्रमाणपत्राने पाच वर्षे मिळतात, आणि मुलांवरच्या वापराचा अभ्यास केला तर आणखी सहा महिने. जपानमध्येही पाच वर्षांपर्यंत वाढ आहे. युरोपीय संघाने भारताशी २००७ मध्ये मुक्त व्यापाराची बोलणी सुरू केली, तेव्हा अशी मुदतवाढ भारतानेही द्यावी ही मागणी त्यांच्या यादीत होती.

या मागणीमागचा युक्तिवाद पोकळ नाही. औषध कंपनीला पेटंटचा अर्ज सुरुवातीलाच करावा लागतो. मग चाचण्या, मग परवाना, यात दहा-बारा वर्षे सहज जातात आणि विक्रीला हाती उरतात ती आठ-दहा. पण विलंब सरकारी दप्तरात झाला असेल तर दप्तर सुधारावे, त्याची भरपाई रुग्णाच्या खिशातून का? आणि वाढीव वर्षे येतात ती औषध सर्वांत जास्त खपत असताना, म्हणजे सर्वांत महागडी वर्षे तीच असतात.

खानदेशात फरदड कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटायची नाही, एखादे पाणी द्यायचे आणि आणखी दोन वेचण्या पदरात पाडून घ्यायच्या. त्या चार-दोन क्विंटलांच्या मोहात बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते आणि भरपाई सगळ्या शिवाराला करावी लागते. म्हणून कृषी खाते दरवर्षी कानीकपाळी ओरडते, फरदड घेऊ नका. पेटंटची मुदतवाढ ही तशीच फरदड आहे. लाभ एकाचा, झळ सगळ्यांना. भारतात ती उघडपणे घेता येत नाही, म्हणून आडमार्गाने घेण्याचे प्रयत्न होतात: मूळ औषधाचे पेटंट संपत आले की त्याच रेणूच्या नव्या क्षारावर, नव्या स्फटिकरूपावर किंवा नव्या मिश्रणावर नवा अर्ज टाकायचा.

यावर भारताने घातलेले कुंपण म्हणजे कलम ३ चे उपकलम ‘ड’. ज्ञात पदार्थाचे नवे रूप गुणकारकतेत लक्षणीय भर घालत नसेल, तर तो शोधच नव्हे, असे ते सांगते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर नोव्हार्टिस कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. नोव्हार्टिसच्या औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होते.

दुसरा लढा आपल्या राज्यातला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे औषध दिले जाते. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या फ्युमरेट क्षारावर वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये या अर्जाला हरकत घेतली. दोघीही क्षयातून उठलेल्या आणि जुन्या विषारी औषधांनी श्रवणशक्ती गमावलेल्या. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो, त्यासाठी कंपनी असावी लागत नाही, हा आपल्या कायद्यातला फार मोलाचा भाग. तो वापरला तो दोन रुग्णांनी.

तारीख पाळली गेली तर काय होते, हे पाहायला मेडिकलच्या दुकानापर्यंत गेले तरी पुरे. मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडत होती. मुदत संपताच इतर कंपन्यांच्या गोळ्या दुकानात आल्या आणि त्यांतली सर्वांत स्वस्त साडेपाच रुपयांची होती. रोज एक गोळी घेणाऱ्याला महिन्याला अठराशे रुपये पडत होते, ते पावणेदोनशेच्या खाली आले. हे इतक्या तातडीने घडते त्यालाही कायद्याचे कारण आहे. पेटंट जिवंत असतानाच परवान्यासाठी लागणारी तयारी आणि चाचण्या करण्याची मुभा कलम १०७-अ देते. त्यामुळे मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी माल बाजारात येऊ शकतो.

कपाशीचे पाकीट आणि मधुमेहाची गोळी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी पेटंट वेळेवर संपले. गोळीच्या बाबतीत डझनावारी कंपन्या टपून बसल्या होत्या, म्हणून किंमत कोसळली. कपाशीत अळी आधीच जिंकलेली, बियाणे तेच, विकणारे तेच, म्हणून किंमत हलली नाही. कायदा दरवाजा उघडून देतो. त्यातून आत जायला माणसे तयार असावी लागतात.

इथवर पेटंट दुसऱ्याचे होते. पण खानदेश नुसता गिऱ्हाईक नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकचे, पाईपचे, चटईचे, डाळीचे कारखाने आहेत, आणि गावोगावच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे जुळवणारे हात आहेत. समजा, यावलच्या एका वर्कशॉपवाल्याने केळीच्या खोडाची कुट्टी करणारे नवे यंत्र काढले. त्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाईल. घाईत कच्चा अर्ज दिला आणि पक्का वर्षाच्या आत दिला, तरी वीस वर्षे मोजली जातील ती कच्च्या अर्जाच्या तारखेपासून. तिसऱ्या वर्षापासून दरसाल नूतनीकरण शुल्क लागते. स्वतःच्या नावावर पेटंट असणाऱ्याला ऑनलाइन भरताना सहाव्या वर्षापर्यंत सालाला ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि विसाव्यापर्यंत ८,००० रुपये. सगळे मिळून ७६,८०० रुपये. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट.

जितकी वर्षे हक्क हवा तितके शुल्क चढत जाते, यात शहाणपणाची योजना आहे. ज्या पेटंटात दम नाही ते मालक स्वतःच सोडून देतो आणि शोध वीस वर्षांच्या आधीच मोकळा होतो. मंजुरी उशिरा आली तर मधल्या वर्षांचे साचलेले शुल्क एकदम भरावे लागते, याची तयारी ठेवावी. तारीख चुकली तर दंडासह सहा महिन्यांची सवलत आहे. तीही हुकली तर हक्क संपल्यापासून अठरा महिन्यांत तो परत मिळवण्याचा अर्ज करता येतो, मात्र चूक जाणूनबुजून केलेली नाही हे पटवून द्यावे लागते. वाढते ती पैसे भरायची मुदत. पेटंटची मुदत एक दिवसानेही वाढत नाही. पुढे त्याच यंत्रात सुधारणा केली आणि तिच्यासाठी पुरवणी पेटंट घेतले, तर तेही मूळ पेटंटबरोबरच संपते. एका अर्जातून फोडून काढलेल्या दुसऱ्या अर्जाची वीस वर्षेही मूळ अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात. जो नियम नोव्हार्टिसला, तोच यावलच्या वर्कशॉपला.

पेटंट आणि इतर हक्क यांची गल्लत आपल्याकडे फार होते, म्हणून या पुस्तिकेत त्यांचाही परिचय दिला आहे. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला अनेकजण पेटंट म्हणतात. ते पेटंट नव्हे. मानांकन दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालवता येते, कारण ते एका मालकाचे नसून त्या मुलखातल्या उत्पादकांचे असते आणि त्याने कुणाचे ज्ञान अडत नाही. पिकांच्या नव्या वाणांचा हक्क २००१ च्या कायद्याने मिळतो. बहुतेक पिकांना पंधरा वर्षे, झाडे आणि वेलींना अठरा. त्यातही शेतकऱ्याने घरचे बियाणे राखावे, पेरावे, देवाणघेवाण करावी, ही मोकळीक शाबूत आहे.

हक्काची मुदत खरोखर वाढल्याचे उदाहरण खानदेशात शोधायचे, तर ते शेतात किंवा कारखान्यात नाही, काव्यात सापडते. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये छापून आली. मरणोत्तर प्रकाशित साहित्यावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर पन्नास वर्षे, म्हणजे २००२ अखेरपर्यंत राहिला असता. पण रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता, आणि तो टिकवण्यासाठी सरकारने देशातल्या सगळ्याच साहित्याची मुदत दहा वर्षांनी वाढवली. त्या लाटेत असोद्याच्या या लेकीची गाणीही २०१२ अखेरपर्यंत बांधलेली राहिली. एका नावासाठी केलेली मुदतवाढ त्या एका नावापाशी थांबत नाही, हे यातून शिकावे. गाणी दहा वर्षे अडली तरी कुणाचा जीव जात नाही. औषधाचे तसे नाही.

माझे मत उघड आहे. वीस वर्षे पुरेशी आहेत. ती वाढवण्याची मागणी कुठल्याही कराराच्या आवरणात आली तरी नाकारावी. त्याच वेळी पेटंट कार्यालयाने अर्ज वर्षानुवर्षे पडू देऊ नयेत, कारण विलंबाने शोधकाचे नुकसान होते आणि मुदतवाढीची मागणी करणाऱ्यांना आयते कारण मिळते.

वाचकांना विनंती एवढीच. यंत्रावर, फवाऱ्यावर, औषधावर ‘पेटंटेड’ असे छापलेले दिसले की क्रमांक विचारा. पेटंट नसताना किंवा संपलेले असताना तसा दावा करणे हा कायद्याने दहा लाख रुपयांपर्यंत दंडाचा विषय आहे. क्रमांक मिळाला की पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची तारीख आणि शुल्क भरल्याची नोंद फुकट पाहता येते. त्या तारखेत वीस वर्षे मिळवा आणि येणारी तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा. ती तारीख उलटली की तो शोध तुमचा आहे. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.